खुर्चीमागचा हात

आक्का, आज सकाळी मी पुन्हा तेच केलं. दुर्बिणीची नळी पेशंटच्या नाकातून घशापर्यंत नेली, डोळे पडद्यावर ठेवले आणि मागे न बघता म्हणाले, "हं, वळवा." खुर्चीमागे कुणीच नव्हतं. पेशंट संकेश्वरकडचा एक मास्तर होता. काय वळवायचं ते त्याला कळेना. तो डोळे मोठे करून बसून राहिला आणि मीही नळी धरून तशीच उभी राहिले. शेवटी एक हात सोडवून मीच त्याची मान वळवली, तर ती चुकीच्या बाजूला वळली.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. निपाणीत तुमच्या पुण्यानुमोदनाला, त्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात, मला दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. मी माईक धरून म्हणाले, "शालन सिस्टर आमच्या दवाखान्याचा कणा होत्या." तुम्ही ऐकलं असतंत तर तोंडावर रुमाल धरून हसला असतात. कणा म्हणे. मी पुढे तुमची शिस्त, सेवाभाव, हसतमुख स्वभाव असं सगळं बोलले. त्यातला हसतमुखपणा तर सरळ खोटा, सकाळी अकराच्या आधी तुम्ही कुणाशी धड बोलत नव्हता. जे बोलायचं होतं ते बोलायची छाती झाली नाही. म्हणून हे लिहितेय.

मी या दवाखान्यात आले तेव्हा तुम्ही इथे नऊ वर्षं जुन्या होता. मी अनगोळची, डिग्री नवीकोरी, नाकावर राग. बेळगावच्या खासबागेतल्या या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात आपणच शिकलेले आहोत असा माझा समज. तिसऱ्या की चौथ्या दिवशी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतले महादूमामा आले. गिळताना घशात टोचतंय म्हणाले. मी नळी घातली. स्वरयंत्र छान दिसलं. त्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना सगळं चिकटलेलं, वर लाळेचं डबकं. घशाचा तळ एरवी रिकाम्या पिशवीसारखा मिटलेला असतो, घास जातो तेवढ्यापुरता उघडतो. मिटलेल्या पिशवीच्या घडीत काय आहे ते वरून डोकावून दिसत नाही. मी 'काही नाही' म्हणून नळी बाहेर काढणार होते.

"म्याडम, काढू नका. मान वळवू काय?" तुम्ही खुर्चीमागून विचारलंत.

"कशाला?" मी फणकारले.

तुम्ही उत्तराची वाट बघितली नाहीत. महादूमामांच्या मानेमागे तळवा ठेवलात आणि त्यांना कमरेतून पुढे वाकवलंत. "मामा, बेंबीकडं बगा. आता एक घोट गिळा. आता त्वांड मिटून गाल फुगवा. फुगवा म्हंतो न्हवं? वारा भाईर सोडायचा न्हाय." मग त्यांचा चेहरा सावकाश डावीकडे वळवलात आणि पडद्यावर उजवी बाजू उघडली. आधी काहीच नव्हतं तिथे एक खोल, गुलाबी कोनाडा दिसायला लागला. त्याच्या तळाशी हरभऱ्याएवढी जखम होती, कॅन्सरची सुरुवात.

महादूमामा अजून आहेत. पुण्यानुमोदनाला पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. मी बोलत असताना ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

ही रीत पुस्तकात आहे, आक्का. मी ती वाचली होती, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. पण हातात उतरलेली नव्हती. तुम्ही ती पुस्तकाशिवायच धरलीत. तुमच्याकडे एकदा एक सनईवाला पेशंट आला होता. नळी आत असताना त्याने घाबरून सवयीने ओठ मिटले आणि गाल फुगवले. पडद्यावर सगळा तळ उघडला. त्या वेळच्या डॉक्टरांचं लक्ष नव्हतं, तुमचं होतं. मग महिनाभर तुम्ही घरी आरशासमोर गाल फुगवून, मान इकडेतिकडे वळवून बघत होता आणि नवरा म्हणत होता, हिला दवाखान्यात काय झालंय. हे सांगताना तुम्ही स्वतःच गाल फुगवून दाखवायचात. मला अजून ते डोळ्यांसमोर दिसतं आणि हसू येतं. मग ते हसू अर्ध्यातच थांबतं.

तेव्हापासून आपली रीत ठरून गेली. दुर्बिणीला माझे दोन्ही हात लागत, खुर्चीमागे तुमचा हात असे. तुम्ही विचारायचात, "मान वळवू काय?" मी म्हणायचे, "हं." हजारो घशांत आपण असं उतरलो असू. कानडी पेशंट आला की तुमचं "हेदरब्याड्री" सुरू व्हायचं आणि तो खरंच घाबरायचा थांबायचा. नव्या सुनेला सांगायचात, "सासूवर रुसल्यावानी गाल फुगव बघू." सासूला सांगायचात, "सुनंनं मीठ जास्त घातलंय, तसं त्वांड कर." खुर्चीच्या पाठीवर रेक्झिन एका जागी झिजलंय, तुमचं मनगट टेकायचं तिथे. ती खुर्ची मी बदलणार होते.

आता तुमच्या आवाजाचं सांगते. बेळगावातल्या डॉक्टरांच्या बैठकीत मी या तपासणीवर बोलले होते, आठवतंय ना? सरळ बसलेल्या माणसाचा घसा आणि वाकवून, गाल फुगवून, मान वळवलेल्या माणसाचा घसा, असं शेजारी-शेजारी दाखवलं होतं. आपलं मशीन चित्राबरोबर आवाजही धरतं. त्यात तुमचं रुसणं-फुगणं सगळं होतं. मी आवाज काढून टाकला. आदल्या दिवशी तुम्ही हौसेने बघायला आलात.

"चित्र झ्याक हाय. माझा आवाज कुठं गेला?"

"तिथे इंग्रजीत बोलायचं असतं, आक्का."

"मग हात तरी दावायचा हुता."

"कॅमेरा घशात असतो. हात कसा दिसणार?"

"व्हय, ते बी खरंच," म्हणालात आणि नळ्या धुवायला गेलात. पुढचे दोन दिवस तुमचा डबा वेगळ्या टेबलावर होता. मला खर्डा मिळाला नाही. बैठकीत टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, पेशंटची मान कोण धरतं? मी म्हणाले, "असिस्टंट." तुमचं नाव तीन अक्षरांचं होतं, घ्यायला वेळही लागला नसता. त्यावर आपण कधी नीट भांडलो नाही. भांडायला पाहिजे होतं.

भांडलो ते मिशेरीवरून, आणि तेही खोटंखोटंच. तुमच्या आईने निपाणीत आयुष्यभर विड्या वळल्या. उरलेल्या चुऱ्याची तव्यावर मिशेरी भाजायची आणि तुम्ही नऊ वर्षांच्या असल्यापासून दात घासायला तीच. पेशंटला तंबाखू टाकायला लावताना तुमच्या आवाजाला धार यायची. मी विचारायचे, "आणि तुमच्या कपाटातली डबी?" तुम्ही म्हणायचात, "माझी गोष्ट येगळी हाय." मी हसायचे. एवढ्या वर्षांत मी ती डबी उचलून कचऱ्यात टाकली नाही, कारण ती गंमत मला आवडत होती. आता त्या गंमतीचा मला राग येतो.

आणि तो शनिवार. दुपारचा एक वाजून गेला होता. खानापूरकडे माझ्या चुलतभावाची घरभरणी होती, गाडी दारात उभी होती. मी ॲप्रन काढत होते आणि तुम्ही खुर्चीमागून पुढे आलात.

"म्याडम, आज मी बसतो. डाव्या कानात ठणका मारतोय, पंधरा दिस झालं."

मी कान बघितला. कान स्वच्छ होता. एका बाजूच्या कानात दुखतंय आणि कानात काही नाही, तर घशाचा तळ बघा, हे मी शिकाऊ पोरांना ओरडून सांगते. म्हणून नळी घातलीच. तुम्ही सरळ बसला होता, शाळेतल्या मुलीसारखे हात मांडीवर ठेवून. मागे कुणी नव्हतं, कारण मागे उभी राहणारी बाई खुर्चीत बसली होती. मी स्वरयंत्र बघितलं, आजूबाजूला नळी फिरवली, म्हणाले, "छान आहे हो आक्का. पित्त झालंय. जागरणं कमी करा." गोळ्या लिहून दिल्या. तुम्ही उठून नेहमीप्रमाणे नळी धुतलीत. स्वतःच्या घशातून निघालेली नळी स्वतः धुतलीत आणि मी घरभरणीला जाऊन जेवले.

पाच महिन्यांनी तुमच्या मानेवर गाठ आली. ती आधी सुजाताला दिसली, आई वेणी घालत असताना. तुमची ही लेक पॉलिटेक्निकमध्ये शिकवते, मशीनच्या भाषेत बोलते. तिने तुम्हाला हाताला धरून माझ्याकडे आणलं. या वेळी मी सगळं केलं. वाकवलं, गिळायला लावलं, गाल फुगवायला लावले, मान उजवीकडे वळवायला सांगितली. तुम्ही स्वतःच वळवलीत, अगदी हवी तेवढी. डावा कोनाडा उघडला. मी नळी तिथेच धरून ठेवली. पडदा तुमच्याही समोर होता, आणि तो पडदा वाचण्यात तुमची कितीतरी वर्षं गेली होती. गालातली हवा सोडून, नळी आत असतानाच तुम्ही हळू म्हणालात, "हाय न्हवं?" मी मान हलवली. तुम्ही डोळे मिटलेत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, मी ते लिहीत नाही. फक्त ती वही. श्वासासाठी गळ्यात नळी बसवल्यावर आवाज गेला, तेव्हा सुजाताने तुम्हाला चौकटीची वही आणून दिली होती. मी भेटायला आले की तुम्ही लिहून विचारायचात. एकदा लिहिलंत, "नव्या सिस्टरला मान धराय शिकवला काय?" मी म्हणाले, "शिकवतेय." ते खोटं होतं. शिकवायला मला स्वतःला कुठे येत होतं? तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघितलंत, मग वही मिटून उशीखाली ठेवलीत. त्या शनिवारबद्दल तुम्ही कधी एक अक्षर लिहिलं नाहीत. रोज पायऱ्या चढताना मी ठरवायचे, आज मीच काढते विषय. रोज उतरताना तो तसाच माझ्याजवळ असायचा.

पुण्यानुमोदनाला सुजाता माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मॅडम, आईचा तुमच्यावर लई जीव होता. तुम्ही केलासा तेवढं कुणी केलं नसतं." मी तिने दिलेला चहा प्यायले आणि परत येताना हायवेवर गाडी बाजूला घेऊन रडले. ते रडणंही मला पटलं नाही. रडून मोकळं व्हायचा हक्क मी अजून कमावलेला नव्हता.

गेल्या रविवारी दुपारी दवाखाना बंद असताना मी आत जाऊन माझ्या स्टुलावर बसले. मशीनमधली जुनी रेकॉर्डिंग लावली आणि आवाज पूर्ण वाढवला. पडद्यावर कुणाकुणाचे घसे, आणि खोलीत तुम्ही. "फुडं वाका." "घाबरू नगा." "मान वळवू काय?" आणि माझं "हं." अशी पंचवीस-तीस तरी ऐकली. रेकॉर्डिंग संपलं की पडदा काळा होतो आणि त्यात मागची खोली दिसते, रिकामी खुर्ची आणि तिच्यामागची भिंत. पूर्वी त्या काळ्या काचेत तुमचा पांढरा ॲप्रन दिसायचा. मी दर वेळी पुढचं रेकॉर्डिंग घाईने लावत होते.

मग तुमचं नाव आलं. त्या शनिवारचं. दीड मिनिटाचं आहे. सरळ बसलेल्या माणसाचा मिटलेला घसा. माझा आवाज, "आ करा. हं. ई म्हणा." तुमचं 'ई'. आणि मग, आक्का, नळी नाकात असल्याने जरा गेंगाणा, पण तुमचाच आवाज आला.

"मान वळवू काय, म्याडम?"

आणि माझा. "नको, झालंच."

मला हे आठवत नाही. शपथेवर सांगते, तुम्ही असं विचारल्याचं मला आठवत नाही. एवढ्या वर्षांत तुमच्या त्या प्रश्नाला मी एकदाच नाही म्हणाले आणि तेच विसरले. इतके महिने मी स्वतःची समजूत घालत होते की मागे हात नव्हता, म्हणून राहून गेलं. हात होता. हात स्वतःची मान वळवायला तयार होता. मी घाईत होते. आणि त्याहून खरं सांगायचं तर, तुमच्या घशात काही सापडावं असं मला नको होतं. ते ऐकल्यापासून तुमचं "मान वळवू काय" माझ्या मागे आहे. भाजी चिरताना, सिग्नलला थांबल्यावर, पेशंटने तोंड उघडल्यावर. मागे वळून बघायची सवयच लागलीय.

काल सुजाता तुमचं कपाट रिकामं करायला आली. ॲप्रन, चष्मा, स्टीलचा पेला, मिशेरीची डबी. डबी तिने हातात घेतली, उघडली नाही, पिशवीत टाकली. मी म्हणाले, "सुजाता, दोन मिनिटं बस. तुला एक ऐकवायचंय." तिला मी त्याच तपासणीच्या खुर्चीत बसवलं. खोलीत दुसरी नव्हती.

आधी सांगावं की आधी लावावं हे मला ठरवता येईना. मी लावलं. 'ई' आलं. तुमचा प्रश्न आला. माझं उत्तर आलं. पडदा काळा झाला. मी बोलायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "परत लावा की."

मी परत लावलं. ती पुढे वाकली होती. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं, चौथ्यांदा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती चूक ऐकतच नव्हती. ती आई ऐकत होती. गळ्यात नळी बसल्यापासून तिने तुमचा आवाज ऐकला नव्हता, आणि घरच्या फोनमध्ये लग्नातले नाच आणि बँड सोडून तुमचं काही नव्हतं. दर वेळी ती "मान वळवू काय" ऐकून डोळे मिटायची आणि दर वेळी मला लगेच "नको, झालंच" ऐकावं लागायचं. आपली दोघींची वाक्यं इतकी लगोलग आहेत, आक्का, की एक ऐकायचं तर दुसरं चुकवता येत नाही.

पाचव्यांदा मी थांबवलं आणि सांगितलं. कोनाडा, मान, गाल, मिटलेली पिशवी, सगळं. त्या दिवशी मान वळवली असती तर ते पाच महिने आधी दिसलं असतं, बहुतेक. दिसलं असतं तर काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही, पण मी बघायला पाहिजे होतं. आईने विचारलं होतं आणि मी नको म्हणाले. हे सगळं मी एका दमात बोलले. 

 खुर्चीच्या पाठीवर सुजाताचा हात गेला, तिथे झिजलेल्या जागेवर थांबला. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मग तिने विचारलं, "आईला ठाव हुतं?"

"हो. त्यांनीच विचारलं होतं ना."

"मग मला का सांगितली न्हाय?"

याचं उत्तर तुम्हीच घेऊन गेलात.  तुम्ही मला वाचवत होता, की लेकीला, की त्या शनिवारी दारात गाडी उभी आहे हे बघून तुम्हालाही घाई झाली होती? मी रोज वेगळं उत्तर काढते आणि त्यातलं एकही माझ्या बाजूचं असू नये याची काळजी घेते.

सुजाता उठली. तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईचं ते वाक्य द्या मला."

मी म्हणाले, "तेवढंच कापून देते. माझं काढून टाकते."

"नको," ती म्हणाली. "तुमचं बी राहू द्या. काढू नका."

ती शेवटच्या बसने निपाणीला गेली. फोन करते म्हणाली नाही, करू नका असंही म्हणाली नाही. पण आक्का, या वेळी मी आवाज काढला नाही. होता तसा दिला, दोघींचा.